पारव्याचा ठसा

इचलकरंजीतले भूपाल मगदूमांचे यंत्रमाग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण जाताना ते भूपालरावांचं ऐकणं घेऊन गेले होते. उभी हयात त्या खडखडाटात काढल्यावर माणसांचं बोलणं त्यांच्या कानांत नुसत्या गुणगुणण्यासारखं शिरायचं. कुणीतरी बोलतंय एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. त्रिशला लग्न होऊन घरात आली ती बहिऱ्या सासऱ्यांच्याच घरात. ती चहा द्यायची, आप्पा मान हलवायचे. ती काही विचारायची, आप्पा मान हलवायचे. नवरा, अभय, सुताच्या दुकानात गेला की घरात दोघंच उरायची, आणि दिवसभरात दोघांत एक वाक्यही व्हायचं नाही.

मग चार वर्षांपूर्वी गावातल्या एका सहकारी संस्थेनं ‘कानसाथ’ तयार केलं. कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं यंत्र. जुन्या श्रवणयंत्रांसारखं ते नुसता आवाज मोठा करत नव्हतं. मागावर काम करणाऱ्याच्या कानातल्या बारीक स्वर टिपणाऱ्या पेशी आधी मरतात. त्यामुळे ‘आ’ आणि ‘ओ’ ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ गळून पडतात. मेलेल्या पेशीपुढे कितीही मोठ्यानं ओरडलं तरी काय उपयोग? म्हणून कानसाथ ते गळलेले उच्चार ओळखायचं, आणि कानाच्या ज्या भागात अजून जीव आहे त्या भागाला ऐकू येतील अशा स्वरांत पुन्हा घडवून द्यायचं. ही ओळखण्याची आणि घडवण्याची करामत ‘पारवा’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करायचा.

यंत्र लावल्यावर आप्पांनी सुनेला विचारलेला पहिला मोठा प्रश्न असा होता: “तू दिवसभर त्या खोलीत बसून करतेस काय?”

त्रिशला हसली. “तुमच्या कानाचंच काम करते, आप्पा.”

आणि तिनं समजावून सांगितलं. मोठ्या संगणकात आयती प्रणाली भरता येते. शेंगदाण्याएवढ्या यंत्रात तेवढी जागा नसते. त्याच्यासाठी लागेल तेवढीच प्रणाली सुटे भाग जोडून बांधावी लागते. ते बांधणारं एक अवजार आहे, ‘जुळणी’. जगभरातली माणसं ते फुकट वापरतात आणि मिळून सांभाळतात. कुठला भाग कुठल्या पत्त्यावर मिळेल, त्याची कुठली आवृत्ती घ्यायची आणि त्याचा ठसा काय, हे जुळणीला सांगून ठेवावं लागतं. ठसा म्हणजे त्या मजकुरावरून गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. जुळणी प्रत्येक भाग त्याच्या पत्त्यावरून आणते, ठसा ताडून पाहते, आणि जुळला नाही तर तिथंच थांबते. आवाजाशी संबंधित सगळे भाग त्रिशलाकडे होते. पत्ते बदलायचे, संकेतस्थळं बंद पडायची, लिहिणारे कंटाळून सोडून द्यायचे, कुणी मरायचे. मूळ हरवू न देणं हे तिचं काम.

“म्हणजे तू कांडीवाली,” आप्पा म्हणाले. “धागा तुटला की जोडायचा.”

तेव्हापासून रोज दुपारी आप्पा तिच्या खोलीत येऊन बसू लागले. आज कुणाचा धागा तुटला, विचारू लागले. ती फिनलंडमधल्या म्हाताऱ्याबद्दल सांगायची, ज्यानं गोंगाट गाळणारा प्रोग्रॅम लिहून ठेवला आणि मग मधमाश्या पाळायला निघून गेला. आप्पा मागांच्या गोष्टी सांगायचे. आणि मधूनच म्हणायचे, “तुझा ‘स’ फार गोड आहे गं. बारीक शीळ वाजते त्यात.” त्रिशलाला ती थट्टा वाटायची. तिच्या ‘स’मध्ये शीळबीळ काही नव्हती.

चार वर्षं अशी गेली, आणि पावसाळा संपता संपता बातमी आली. कानसाथमधला फोनशी जोडून घेणारा बिनतारी भाग सदोष निघाला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दुसऱ्याच्या कानातला आवाज असह्य वाढवता येईल असा दोष. दुरुस्ती तयार होती, पण ती यंत्रात घालायची तर सगळी प्रणाली नव्यानं बांधायला हवी होती. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त न झालेली यंत्रं बंद करायची, असा सरकारी हुकूम निघाला. सीमाभागातले हजारो म्हातारे विणकर ती यंत्रं लावत होते.

त्रिशलानं जुळणी सुरू केली आणि चहा ठेवायला उठली. परत आली तर काम अडलेलं. पारव्याचा ठसा जुळत नव्हता.

पत्ता तोच होता, आवृत्तीचा क्रमांक तोच होता, आतला मजकूर वेगळा होता. कुणीतरी जुनं गाठोडं काढून त्याच नावाचं दुसरं ठेवलं होतं. जुळणीचा स्वतःचा राखीव साठा असतो, पण पारव्यातला आवाजांचा भाग इतका अवजड होता की जागा वाचवायला तो साठ्यात घेतलेलाच नव्हता.

संस्थेचे प्रमुख शीतल उपाध्ये संध्याकाळी घरीच आले. मृदू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा पाय ठरत नव्हता.

“एका ओळीचं काम आहे ना? जुना ठसा खोडायचा, नवा लिहायचा.”

“आत काय बदललंय ते कळल्याशिवाय नाही लिहिणार,” त्रिशला म्हणाली. “ठसा त्याच्यासाठीच असतो.”

“माझी आईसुद्धा तोच कान लावते, त्रिशलाताई.”

“म्हणूनच.”

उपाध्ये म्हणाले, “बरं. पण लवकर बघा.”

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. पारवा जुळणीत मुळात तिनंच घेतला होता, त्यामुळे जुनी प्रत तिच्या संगणकात पडून होती, आणि तिचा ठसा बरोबर होता. प्रोग्रॅमच्या सूचनांत फरक नव्हता. फरक आवाजांत होता. पारवा ज्या माणसांचे आवाज ऐकून शिकला होता, त्यातला एक आवाज काढून टाकून त्याला पुन्हा शिकवलं होतं.

नवी प्रत तिनं एका जादा यंत्रात घातली आणि आप्पांना लावायला दिली.

“आप्पा, सांजेला काय करू?”

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. “काय आजला?”

तिनं पुन्हा विचारलं. आप्पांनी यंत्र काढून तिच्या हातात ठेवलं. “परत तसंच झालं गं. तू गेलीस कुठं?”

पारव्याच्या लेखिका वीणा हेगडे धारवाडला राहत. ध्वनिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्रिशलाशी त्यांचं अधूनमधून बोलणं व्हायचं. तिनं त्यांना फोन केला.

“कळवायला हवं होतं मी,” त्या म्हणाल्या. “वकील म्हणाले आधी काढा, मी काढला. क्रमांकही बदलला नाही. चुकलंच. आवाज देणाऱ्या बाई वारल्या. त्यांच्या यजमानांनी आवाज परत मागितला. कायद्यानं त्यांना तसा हक्क आहे.”

“पण एक आवाज गेल्यावर इतका फरक?”

“तुमच्या भागातली मराठी बोलणारा तेवढाच एक मोठा आवाज होता. सगळ्यांत जास्त त्यांनीच वाचलं होतं. तुमच्याकडच्या ‘स’-‘श’साठी पारवा त्यांच्यावरच टेकून होता.”

उपाध्यांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे तुमच्याकडे जुनी प्रत आहे. मग ती चढवा साठ्यात. एकदा मुक्त केलेला प्रोग्रॅम परत मागता येत नाही, ज्याच्याकडे आहे त्यानं वापरावा. हाही नियमच आहे.”

तेही खरं होतं. हे दोन नियम समोरासमोर आले तर काय करायचं, हे अजून कुणी ठरवलं नव्हतं. त्रिशलाचं मन जुन्या प्रतीकडे ओढ घेत होतं. रोज दुपारी खोलीत येऊन बसणारा माणूस तिला गमावायचा नव्हता. तरी प्रत चढवण्याआधी तिनं वीणाताईंना विनंती केली: त्यांचं नाव मला सांगू नका, पण त्या गृहस्थांना माझा निरोप द्या. आवाज राहू द्याल का, एवढं विचारा.

निरोपाला उत्तर म्हणून खुद्द त्यांचाच संदेश आला. शिवलिंग हत्तरकी, निवृत्त चित्रकला शिक्षक, गडहिंग्लज. ‘फोनवर मला नीट ऐकू येत नाही. घरी या, बोलू.’

“मीपण येतो,” आप्पा म्हणाले. “ज्याचा कान त्यानं मागायला जावं.”

विजेवरच्या बसनं ती दोघं गडहिंग्लजला गेली. हत्तरकी सरांचं घर लहान आणि नीटनेटकं होतं. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेली निसर्गचित्रं होती, आणि एका खुर्चीवर कुणी बसत नसल्यासारखी घडी घातलेली शाल. सर समोर बसले की ओठांवरून बरंचसं समजून घेत. त्यांनीच चहा केला, शेंगदाण्याचे लाडू पुढे ठेवले, आणि आपणहून बोलायला सुरुवात केली.

“म्हातारा हट्टी आहे असं वाटत असेल तुम्हाला.”

“नाही वाटत,” त्रिशला त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. “कारण तेवढं कळलं नाही.”

“महानंदा बालवाडीत शिकवायची. धारवाडच्या बाई आल्या, आवाज द्या म्हणाल्या, हिनं आनंदानं दिला. रोज त्यांच्यासमोर बसून वाचायची. गोष्टी, बातम्या, काय देतील ते. ती गेल्यावर मुलीनं मला हे कानसाथ आणून दिलं. मी लावलं आणि बाजारात गेलो. कोथिंबीरवाली म्हणाली, सर, स्वस्त आहे, घ्या. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.”

त्रिशलाला अजून नीट उमगलं नव्हतं.

“महानंदाचा पुढचा दात तुटलेला होता. ‘स’ म्हणताना बारीक शीळ वाजायची. ती शीळ कोथिंबीरवालीच्या तोंडी. मग बँकेतल्या मुलीच्या तोंडी, नातीच्या तोंडी. सगळ्या बायका थोड्या थोड्या महानंदासारख्या बोलायला लागल्या.”

आप्पांचा लाडू हातातच राहिला. त्यांनी विचारलं, “बरं नाही वाटलं?”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “आधी फार बरं वाटलं. काही घ्यायचं नसलं तरी बाजारात जायचो, नुसता उभा राहायचो. मग एके दिवशी रस्त्यात एक बाई तिच्या पोराला बडवत होती, नाही नाही ते बोलत होती. त्या आवाजात. महानंदा जन्मात कुणाला तसं बोलली नव्हती. मी यंत्र काढलं ते काढलंच.”

पारव्याची सगळी विद्या त्रिशलाला माहीत होती. हरवलेला उच्चार पुन्हा घडवायचा तर तो कुठल्यातरी आवाजाच्या साच्यातूनच घडणार, आणि साचा एकाच बाईचा असेल तर त्या बाईचा तुटका दातही त्यात येणार. हे तिला गणितात समजत होतं. पण त्याचा एखाद्या माणसाच्या बाजारात जाण्याशी संबंध असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

आप्पा हळूच म्हणाले, “माझ्या सुनेच्या ‘स’मध्ये शीळ वाजते.”

सर त्रिशलाच्या ओठांकडे, दातांकडे पाहत राहिले. तिचे दात धडधाकट होते.

मग आप्पांनी कानामागून यंत्र काढलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. “सर, आता आपण सारखे झालो,” ते मोठ्यानं म्हणाले. “चित्रं दाखवा तुमची.”

त्यानंतर दोघं म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत, ओरडून ओरडून, अर्धंमुर्धं समजून घेत बराच वेळ बोलले. सरांनी धबधबा दाखवला, तो आप्पांना कापसाचा ढीग वाटला. दोघंही हसले. मधे बसलेल्या त्रिशलाला पुन्हा विनंती करायचं धाडस झालं नाही, आणि निघताना सरांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“माफ कर, बाळ. तिचा आवाज देववत नाही मला.”

“नका देऊ,” ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये आप्पांनी बराच वेळ यंत्र लावलं नाही. हिरण्यकेशी नदी मागे पडल्यावर लावलं.

“जुनी प्रत वापरणार होतीस?”

“हो. इथं येईपर्यंत तरी तेच मनात होतं.”

“वापरू नको.”

“तुम्हालाच पुन्हा ऐकू येणार नाही, आप्पा.”

“ठाऊक आहे मला.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुझा आवाज मला लई आवडायचा. तो सगळा तुझा नव्हता हे आता कळलं. कळल्यावर कसं चालायचं?”

त्रिशलाला भरून आलं, आणि थोडं लागलंही. चार वर्षं आप्पा जिच्याशी गप्पा मारत होते ती नेमकी कोण होती? जिला कधी पाहिलं नाही अशा बाईचा तिला क्षणभर हेवा वाटला. मग स्वतःचंच हसू आलं.

घरी आल्यावर तिनं जुनी प्रत पुसून टाकली. वीणाताईंना नव्या प्रतीला नवा क्रमांक द्यायला लावला. जुळणीत नवा क्रमांक लिहिला, नवा ठसा लिहिला, प्रत राखीव साठ्यात ठेवली, आणि बदलाचं कारण दोन वाक्यांत नोंदवलं: आवाज देणाऱ्याच्या कुटुंबानं आवाज मागे घेतला आहे. जुनी प्रत कुणी वापरू नये.

या वेळी जुळणी अडली नाही. दुरुस्त प्रणाली सगळ्यांच्या यंत्रांत गेली. धोका टळला, पण बोलणं धूसर झालं. उपाध्ये दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते आईला घेऊन आले.

“ही म्हणते, आवाज कमी पडत असेल तर माझा घ्या. वाचता येत नाही, पण ओव्या म्हणते.”

तिथून कामाला सुरुवात झाली. संस्थेच्या सभागृहाच्या खिडक्यांना गाद्या लावल्या. कांड्या भरणाऱ्या बायका आल्या, मागवाले आले, शाळेतल्या बाई आल्या, कुणी कागलहून, कुणी शिरोळहून. वीणाताई धारवाडहून मुक्कामालाच आल्या. त्यांनी पारव्याची बांधणीच बदलली. आता तो कुणा एकावर टेकणार नव्हता. शेकडो आवाजांतून उच्चाराची फक्त ठेवण शिकणार होता आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा सूर तसाच राखणार होता. उद्या कुणी आवाज परत मागितला तरी तेवढा अलगद काढता येईल, अशी सोय केली. आवाज द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्रिशला आधी हे सगळं समजावून सांगायची, हत्तरकी सरांबद्दलही सांगायची, त्यांचं नाव न घेता. ऐकून काहीजणी उठून गेल्या. बहुतेक जणी थांबल्या.

या सगळ्याला वेळ लागला. तेवढे दिवस आप्पा पुन्हा मान हलवायला लागले. पण दुपारी खोलीत यायचं त्यांनी सोडलं नाही, आणि त्रिशलानं त्यांना नुसतं मान हलवू दिलं नाही. ती खुर्ची ओढून अगदी समोर बसायची, सावकाश बोलायची. एकदा आप्पांचं लक्ष नसताना ती शांतपणे म्हणाली, “आप्पा, छपरावर हत्ती चढलाय.” आप्पांनी समजल्यासारखी मान हलवली. तिला हसू आवरेना. काय झालं ते लक्षात आल्यावर आप्पाही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्या दिवसापासून कळलं नाही तर सरळ ‘कळलं नाही’ म्हणू लागले. इतक्या वर्षांत ते त्यांनी कुणाला म्हटलं नव्हतं.

नवा पारवा तयार झाला तेव्हा एक यंत्र गडहिंग्लजला गेलं. काही दिवसांनी हत्तरकी सरांचा फोन आला. आता त्यांना फोनवर ऐकू येत होतं.

“कोथिंबीरवालीचा आवाज घोगरा आहे,” ते म्हणाले. “आज कळलं. जरा चुकल्यासारखं होतं बाजारात. पण बरं आहे. महानंदा घरी आहे, असं वाटतं आता.”

आप्पांचं यंत्र त्रिशलानं स्वतः बांधलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती स्वयंपाकाला लागली होती. आप्पा ओट्याजवळ स्टुलावर बसले होते. तिनं हात पुसले, यंत्र त्यांच्या कानामागे बसवलं. तिनं रोजचंच विचारलं.

“शेवग्याच्या शेंगांची आमटी करू, की सार करू?”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

“आप्पा? नाही ऐकू आलं?”

“आलं. सगळं आलं.” ते म्हणाले, “तुझा आवाज जाडा आहे गं.”

“आहेच. माझी आई म्हणायची, फाटकातून हाक मारलीस तर गाव उठेल.” तिनं हसून विचारलं, “चालेल ना?”

आप्पांनी मान हलवली नाही. “सार कर,” ते म्हणाले. मग स्टूल तिच्याकडे थोडं सरकवून म्हणाले, “पण पुन्हा एकदा विचार.”

तिनं गॅस बारीक केला आणि पुन्हा विचारलं.